अस्थिकर्करोगाचा फुफ्फुसापर्यंतचा प्रवास

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका प्रायोगिक औषधाला 'ब्रेकथ्रू थेरपी' असा दर्जा बहाल केला. ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगाने उपचारांनंतर पुन्हा डोके वर काढले, तर अशा रुग्णांसाठी हे औषध आहे. मूळ शोध चीनमधील हॅन्सो या कंपनीचा. चीनबाहेरचे हक्क ब्रिटनच्या जीएसके कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये घेतलेले. एवढ्या तपशिलासह ही बातमी अर्थविषयक पानांवर येऊन गेली आणि विसरलीही गेली. हा दर्जा म्हणजे विक्रीची परवानगी नव्हे. प्राथमिक चाचण्यांचे निष्कर्ष आश्वासक असल्याने पुढील छाननी प्रशासन प्राधान्याने करील, एवढाच त्याचा अर्थ. तरीही निव्वळ औषधकंपन्यांचा व्यवहार म्हणून तिच्याकडे पाहणे योग्य ठरणार नाही. ज्या आजाराच्या उपचारांत गेल्या चार दशकांत फारसा बदल झालेला नाही, त्याच्यावर पेशीच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाला लक्ष्य करणारे औषध या टप्प्यापर्यंत पोहोचले, ही दखल घेण्याजोगी घटना आहे. ती घडायला इतका उशीर का लागला, हा प्रश्न तर त्याहूनही महत्त्वाचा.

ऑस्टिओसार्कोमा हा तसा विरळा आजार. दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला ३ ते ४ रुग्ण, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाशी तुलना करता हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु हा आजार गाठतो तो मुख्यतः १० ते २० या वयोगटातील मुलामुलींना, म्हणजे उंची झपाट्याने वाढत असते नेमक्या त्या वयात. आणि हाडांची वाढ जेथे सर्वाधिक वेगाने होते, त्या गुडघ्याच्या लगतच्या भागात. साहजिकच दुखणे सुरू झाले की मैदानावर मार लागला असेल, वाढीच्या वयात हाडे दुखतातच, असे म्हणून घरात चोळण्याचे तेल बाहेर निघते. काही आठवडे त्यात जातात, काही महिने हाडवैद्याकडे जातात, आणि क्ष-किरण तपासणी होते तेव्हा हाडातून गाठ बाहेर आलेली असते.

मात्र ही गाठ सहसा जीव घेत नाही. हे विधान काहींना चमत्कारिक वाटेल, पण या आजाराचे मर्म त्यातच आहे. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात वाढणारी गाठ कितीही मोठी झाली, तरी शस्त्रक्रियेने ती काढता येते. प्रसंगी पाय कापता येतो. १९७० पूर्वी हाच एक उपचार होता. पाय वेळीच कापले जात होते, जखमा भरूनही येत होत्या, आणि तरीही १०० पैकी सुमारे ८० रुग्ण पुढे फुफ्फुसांतील गाठींनी दगावत होते. याचा अर्थ उघड होता. निदान होते त्या वेळीच कर्करोगाच्या काही पेशी हाड सोडून रक्तावाटे फुफ्फुसांत जाऊन बसलेल्या असतात. आजही निदानाच्या वेळी १५ ते २० टक्के रुग्णांच्या फुफ्फुसांत गाठी स्कॅनवर दिसतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत त्या केवळ दिसत नाहीत.

कॅनडाच्या टेरी फॉक्सची कहाणी जगाला ठाऊक आहे, ती याच आजाराची. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि काही महिन्यांनी उजवा गुडघा दुखू लागला. अपघातानेच गुडघा निकामी झाला, असे त्याला अखेरपर्यंत वाटत होते. डॉक्टरांना तो संबंध मान्य नव्हता. १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा पाय गुडघ्याच्या वरून कापण्यात आला. त्यानंतर सोळा महिने केमोथेरपी झाली. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापून थंडर बे या शहरापाशी थांबला. पाय थकला म्हणून तो थांबला नव्हता; छातीत दुखू लागले, खोकला थांबेना, म्हणून थांबला. कर्करोग फुफ्फुसांत पोहोचला होता. २८ जून १९८१ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याची आठवण सहसा जिद्दीचे उदाहरण म्हणून काढली जाते. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यातील बोचणारा भाग वेगळाच आहे: पायातील कर्करोग पूर्णपणे काढून टाकलेला असताना तीन वर्षांनी तो छातीत उगवला.

केमोथेरपीने हे चित्र पालटले, यात शंका नाही. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन या तीन औषधांच्या मिश्र उपचाराने, आजार हाडापुरता मर्यादित दिसत असेल तर, ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडू लागले. ही प्रगती १९७० आणि १९८० च्या दशकांतील आहे. त्यानंतर आलेख जवळजवळ सपाट झाला. फुफ्फुसांत गाठी दिसत असताना निदान झालेल्यांपैकी वाचणाऱ्यांचे प्रमाण तेव्हाही २० ते ३० टक्क्यांच्या आसपास होते, आजही तेथेच आहे. औषधांचा मारा आणखी तीव्र केला तर उपयोग होईल का, हे पाहण्यासाठी २००५ ते २०११ या काळात १७ देशांनी मिळून २,२६० रुग्णांची 'युरामॉस' ही चाचणी केली. एवढ्या विरळ्या आजारासाठी ही संख्या अवाढव्यच म्हणायची. ज्या रुग्णांच्या गाठींनी पहिल्या औषधांना दाद दिली नव्हती, त्यांना आणखी दोन औषधे देऊन पाहण्यात आली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला: दुष्परिणाम वाढले, फायदा काहीच नाही. आहे तेच हत्यार अधिक जोराने चालवून भागणार नाही, हे त्यामुळे पुरते स्पष्ट झाले. आजाराचे मूळ जेथे आहे, तेथे म्हणजे प्रसाराच्या यंत्रणेकडेच वळणे भाग होते.

हा कर्करोग फुफ्फुसातच का जातो? यकृतात, मेंदूत का नाही? सोपे उत्तर रक्ताभिसरणात आहे. हाडातून निघालेले अशुद्ध रक्त हृदयावाटे आधी फुफ्फुसांत जाते, तेथील केशवाहिन्या अतिशय अरुंद असतात, त्यांत पेशी अडकतात. पण अडकणे वेगळे आणि रुजणे वेगळे. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्येच स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून असे म्हटले होते की बी सगळीकडे पडते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी शवविच्छेदनाची गरज नाही. वैज्ञानिकांना मात्र बी आणि जमीन एकमेकांना ओळखतात कशी, हे समजायला पुढची शंभर वर्षे लागली. ही ओळख पटते ती पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांमुळे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे एक तलम पटल असते आणि त्यात हजारो प्रथिने रोवलेली असतात. त्यांचा काही भाग बाहेर, काही आत. शेजारच्या पेशीला धरून ठेवणे, बाहेरचा निरोप आत पोहोचवणे, रोगप्रतिकार यंत्रणेला आपली ओळख पटवणे, ही कामे त्यांची. निरोगी हाडाची पेशी आपल्या जागेवरून सुटली तर सहसा मरते, कारण धरून ठेवणाऱ्या प्रथिनांकडून तिला 'जगत राहा' हा निरोप मिळेनासा होतो. कर्करोगाची पेशी नेमक्या याच ठिकाणी नियम मोडते. जागा सोडूनही ती जिवंत राहते, रक्तप्रवाहात तग धरते, परक्या अवयवात पाय रोवते. या प्रत्येक टप्प्यावर तिच्या पृष्ठभागावरील कोणते ना कोणते प्रथिन वाढलेले, घटलेले किंवा बदललेले असते.

२००४ मध्ये चांद खन्ना या पशुवैद्यक कर्करोगतज्ज्ञाने आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी एझ्रिन या प्रथिनावरील संशोधन 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. एझ्रिन हे काटेकोरपणे पाहता पृष्ठभागावर नसते. ते पटलाच्या लगत आतल्या बाजूला असते आणि पृष्ठभागावरील प्रथिनांना पेशीच्या आतील सांगाड्याशी जखडून ठेवते. तंबूच्या कापडाला खांबाशी बांधणारी दोरी म्हणावी, तसे. उंदरांमध्ये एझ्रिन दाबून टाकले, तेव्हा हाडाच्या कर्करोगाच्या पेशी फुफ्फुसांत पोहोचल्या खऱ्या, पण पोहोचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टिकल्या नाहीत. ऑस्टिओसार्कोमा कुत्र्यांमध्ये, विशेषतः थोराड जातींत, माणसांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. अशा कुत्र्यांच्या आणि लहान मुलांच्या गाठींतही एझ्रिनचे प्रमाण अधिक असेल तर आजार लवकर पसरतो, असे दिसून आले. शोध लक्षवेधी होता. दोन दशके उलटली तरी एझ्रिनला रोखणारे औषध रुग्णाच्या हाती आलेले नाही. दोरी कोणती हे कळले. ती पेशीच्या आत जाऊन, इतर पेशींच्या दोऱ्यांना धक्का न लावता, कापायची कशी, हे कळलेले नाही.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलटे आहे. एका प्रथिनाचे नाव 'फास' असे आहे. नाव इंग्रजीतून आले असले तरी मराठी वाचकाला ते समर्पकच वाटेल, कारण हे प्रथिन पेशीच्या गळ्यातील फासासारखेच काम करते. त्याचा जोडीदार रेणू बाहेरून येऊन त्याला भिडला की पेशीला आत्मनाशाचा हुकूम मिळतो. फुफ्फुसांच्या पेशी हा जोडीदार रेणू कायम बाळगून असतात; नको असलेल्या पाहुण्यांविरुद्धचा तो त्यांचा बंदोबस्तच म्हणा ना. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील युजिनी क्लाइनरमन यांच्या गटाने दाखवून दिले की ज्या पेशींच्या पृष्ठभागावर फास भरपूर असते, त्या फुफ्फुसात शिरताच मारल्या जातात आणि ज्यांनी ते टाकून दिलेले असते, त्याच उरतात. रुग्णांच्या फुफ्फुसांतून काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा बहुतेकींत फास कमी किंवा नाहीच, असे आढळले. म्हणजे कर्करोग येथे काही नवे शस्त्र मिळवून जिंकत नाही. अंगावरची एक खूण पुसून जिंकतो. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अशी इतरही प्रथिने आहेत. सीएक्ससीआर-४ हे ग्राही प्रथिन फुफ्फुसांतून आणि अस्थिमज्जेतून स्रवणाऱ्या एका संदेशरेणूच्या दिशेने पेशीला ओढते. स्तनाच्या कर्करोगाबाबत हे २००१ मध्ये प्रथम दाखवले गेले आणि मग हाडाच्या कर्करोगातही त्याचा माग लागला. सीडी-४७ हे प्रथिन भक्षक पेशींना 'मला खाऊ नका' असा इशारा देते. इंटिग्रिन या प्रथिनकुलाबाबत २०१५ मध्ये एक विलक्षण गोष्ट पुढे आली. कर्करोगाच्या पेशी सूक्ष्म पुटिका आधीच रवाना करतात, त्यांच्यावरील इंटिग्रिनच्या प्रकारावरून त्या फुफ्फुसात उतरणार की यकृतात हे ठरते, आणि पेशी पोहोचण्यापूर्वीच जमीन नांगरून ठेवली जाते. यादी लांबवता येईल. नवनव्या प्रथिनांचे शोध दर काही महिन्यांनी जाहीर होतात आणि वृत्तपत्रांतून 'कर्करोगावर उपाय सापडला' अशा मथळ्यांनी ते छापले जातात. त्यांतील बहुतेक शोध खरे असतात. मथळे मात्र खरे नसतात.

एखाद्या प्रथिनाने आजार पसरतो हे समजणे आणि त्या प्रथिनावर औषध चालणे, यांत किती अंतर असते, हे 'हर-२' च्या उदाहरणावरून दिसते. हर-२ हे ग्राही प्रथिन काही स्तनकर्करोगांत प्रमाणाबाहेर वाढलेले असते आणि त्याला अडवणारे ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड १९९८ पासून वापरात आहे. काही ऑस्टिओसार्कोमाच्या गाठींतही हर-२ आढळले, तेव्हा हेच औषध तेथे चालेल, अशी आशा निर्माण झाली. प्रसार झालेल्या ९६ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली, २०१२ मध्ये निष्कर्ष आला: ठळक फायदा नाही. कारण स्तनाच्या त्या कर्करोगात हर-२ हे वाढीचे इंजिन असते, तर हाडाच्या कर्करोगात ते बहुधा केवळ सोबतीला असते. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशीतील गुणसूत्रे इतकी मोडलेली आणि वेडीवाकडी जोडलेली असतात की तिची वाढ एकाच प्रथिनावर अवलंबून नसते. एक दार बंद केले तर दुसरे उघडे असते.

म्हणूनच जीएसकेच्या औषधामागील विचार वेगळा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या घडामोडींत सर्वांत महत्त्वाचा आहे. या औषधाचे लक्ष्य असलेले 'बी-७-एच-३' हे प्रथिन ऑस्टिओसार्कोमाच्या बहुसंख्य गाठींवर मोठ्या प्रमाणात आढळते आणि निरोगी ऊतींवर कमी. औषध त्या प्रथिनाचे काम थांबवण्याच्या भानगडीत पडत नाही. प्रतिपिंडाला एक जहाल केमोथेरपीचे औषध बांधलेले असते. प्रतिपिंड बी-७-एच-३ ला चिकटते, पेशी ते दोन्ही आत ओढून घेते आणि आतच विष मोकळे होते. म्हणजे प्रथिन हे येथे केवळ पत्ता आहे. त्या पत्त्यावर राहणारा काय उद्योग करतो, हे माहीत नसले तरी चालते. एझ्रिन आणि हर-२ यांच्या मागे लागलेल्यांनी प्रथिनाचे कार्य समजून घेऊन ते बंद पाडण्याचा प्रयत्न केला. तो मार्ग बौद्धिकदृष्ट्या सुंदर होता; हा दुसरा काहीसा ओबडधोबड आहे, पण हाडाच्या कर्करोगासारख्या अस्ताव्यस्त शत्रूपुढे तोच अधिक व्यवहार्य दिसतो.

पत्त्याचा हाच विचार 'कार-टी' उपचारांत आहे आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली; एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. परदेशात कोट्यवधी रुपयांना पडणारा उपचार येथे त्याच्या काही अंश खर्चात उपलब्ध झाला, ही निःसंशय अभिमानाची गोष्ट. पण रक्ताच्या कर्करोगावर चालले ते उद्या हाडावरही चालेल, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नेक्सकार-१९ चे लक्ष्य असलेले सीडी-१९ हे प्रथिन बी-पेशींवर असते, आणि शरीरातील सर्व बी-पेशी नष्ट झाल्या तरी माणूस जगू शकतो. हाडाच्या गाठीवरील प्रथिनाबाबत अशी चैन परवडत नाही; तेच प्रथिन फुफ्फुसावर किंवा हृदयावर थोडेही असेल तर उपचारच घातक ठरेल. शिवाय बदललेल्या टी-पेशींना घट्ट गाठीच्या आत शिरावे लागते, जे रक्तात हिंडणाऱ्या शत्रूच्या बाबतीत करावे लागत नाही. अमेरिकेत हर-२ ला लक्ष्य करणाऱ्या कार-टी पेशी १९ सार्कोमा रुग्णांना देण्यात आल्या, त्यांतील बहुतेक ऑस्टिओसार्कोमाचे होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार सुरक्षित ठरला; चौघांचा आजार १२ आठवडे ते १४ महिने स्थिर राहिला. सुरुवात म्हणून ठीक, पण त्यापलीकडे नाही.

येथे बाजाराचा मुद्दा आल्याशिवाय राहत नाही. वर्षाला काही शे किंवा काही हजार रुग्ण असलेल्या आणि तेही बहुतांशी अल्पवयीन असलेल्या आजारासाठी कोणती कंपनी स्वतंत्र औषध शोधील? बी-७-एच-३ विरोधी औषधही केवळ ऑस्टिओसार्कोमासाठी तयार झालेले नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाची मोठी बाजारपेठ त्याच्या नजरेसमोर आहे आणि हाडाचे रुग्ण त्या गाडीत बसले आहेत, इतकेच. यात गैर काही नाही. उलट ही गाडी मुलांसाठी थांबलीच पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेने कायद्याने केली. २०१७ मध्ये मंजूर झालेला आणि ऑगस्ट २०२० पासून लागू झालेला हा कायदा सांगतो की प्रौढांच्या कर्करोगावरील औषध ज्या रेणूला लक्ष्य करते, तो रेणू मुलांच्या कर्करोगातही महत्त्वाचा असेल, तर कंपनीने मुलांमध्येही त्याचा अभ्यास केला पाहिजे. आजाराच्या नावावरून नव्हे, तर पेशीवरील खुणेवरून जबाबदारी ठरवणारा हा विचार आहे. औषध-चाचण्यांबाबतच्या आपल्या २०१९ च्या नियमांत असे बंधन नाही. ते आणण्यासाठी खर्च पडणार नाही. इच्छा मात्र लागेल.

आपल्याकडील वास्तव आणखी एका बाजूने पाहायला हवे. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर त्याची रक्तातील पातळी वारंवार मोजावी लागते, रुग्णाला दाखल ठेवावे लागते. हे सर्वत्र शक्य नाही, हे ओळखून टाटा मेमोरियलने मेथोट्रेक्सेट वगळून आपली स्वतंत्र उपचारपद्धती बसवली आणि तिचे निष्कर्ष जगापुढे मांडले. परदेशातील पद्धत जशीच्या तशी उचलण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा होता. तेच शहाणपण पेशीवरील प्रथिनांच्या बाबतीत दाखवण्याची वेळ आता आली आहे. कारण या क्षेत्रातील एक मोठी उणीव भरून काढण्याची साधने आपल्या रुग्णालयांत आहेत.

ती उणीव अशी. गाठीवर कोणते प्रथिन आहे, हे बहुतेक वेळा हाडातून घेतलेल्या पहिल्या तुकड्यावरून ठरवले जाते. रुग्णाचा जीव घेते ती मात्र फुफ्फुसातील गाठ, आणि फासच्या उदाहरणावरून दिसले तसे, तेथे पोहोचलेल्या पेशींचा पृष्ठभाग निराळा असू शकतो. जो कर्करोग फासची खूण पुसू शकतो, तो उपचारांच्या दबावाखाली बी-७-एच-३ चीही पुसणार नाही, याची खात्री कोण देणार? आजार उलटलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसांतील गाठी शक्य असेल तेथे शस्त्रक्रियेने काढतात. दीर्घकाळ जगण्याची संधी आजही प्रामुख्याने त्यातूनच मिळते. काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात घालून विकृतिशास्त्र विभागात जपून ठेवली जाते. ज्या कर्करोग रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत आल्या आहेत, तेथे एकाच रुग्णाच्या हाडातील आणि फुफ्फुसातील गाठींचे ठोकळे शेजारीशेजारी मिळू शकतात. त्यांचे पातळ काप घेऊन बी-७-एच-३ साठी रंगद्रव्याची चाचणी करणे हे कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातील काम आहे. हाडात होते ते प्रथिन फुफ्फुसात उरले आहे का, किती रुग्णांत उरले आहे, केमोथेरपीनंतर बदलले आहे का, याची उत्तरे त्यातून मिळतील. आणि नवे औषध उद्या भारतात आलेच, तर ते कोणत्या मुलाला द्यायचे, हे ठरवताना त्यांचाच आधार घ्यावा लागेल.